कागद दाखवा, तारीख सांगा : जुन्या कर्जाचा कायद्यापुढचा हिशेब



आजचा विषय जुन्या कर्जाचा आहे. मोटारसायकलचं, मोबाइलचं, टीव्हीचं, लग्नासाठी सावकाराकडून उचललेलं, गटातून घेतलेलं, किंवा ऊसतोडीला जाताना मुकादमाकडून घेतलेली उचल. काही हप्ते गेले, काही राहिले. मग पाच-सात वर्षं कुणी विचारलं नाही. आणि एके दिवशी दारात एक अनोळखी माणूस उभा राहतो किंवा वकिलाची नोटीस येते. रक्कम मूळ कर्जाच्या तिप्पट. वर धमकी : आठ दिवसांत भरा, नाहीतर पोलीस येतील, घर जप्त होईल.

त्या रात्री घरात एकच प्रश्न असतो, हे पैसे कायद्यानं द्यावेच लागतात का? नंदुरबार जिल्ह्यात वकिली करताना हा प्रश्न मी सतत ऐकला. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. जुनं कर्ज कोर्टात टिकतं की नाही, हे त्याच्या कागदावर आणि तारखेवर ठरतं. म्हणून कागद आणि तारीख मागणं हा कर्जदाराचा हक्क आहे. आणि हा हक्क बजावण्याआधी केलेली सही, दिलेला अंगठा, हीच आपल्या भागातल्या कर्जबाजारीपणाची सगळ्यात जुनी बेडी आहे.

तीन वर्षांची मुदत आणि नवं खत

ही बेडी किती जुनी आहे ते पाहू. १८५९ साली इंग्रज सरकारनं मुदतीचा कायदा केला. साध्या, नोंदणी न झालेल्या कर्जासाठी तीन वर्षांच्या आत दावा लावायचा, नंतर कोर्ट ऐकणार नाही, असा नियम झाला. हेतू रयतेच्या भल्याचा होता. घडलं उलटं. तीन वर्षं भरत आली की सावकार कुणब्याला बोलावी आणि नवं खत लिहून घेई. मागचं व्याज मुद्दलात मिळवलं जाई आणि त्या मोठ्या मुद्दलावर पुन्हा व्याज चढे. ज्याला वाचता येत नव्हतं तो अंगठा देई. कर्ज फिटण्याऐवजी दर तीन वर्षांनी नव्यानं जन्माला येई.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी लोक उठले. त्यांचा रोख सावकाराच्या कागदांवर होता. खतं आणि गहाणखतं बाहेर काढून त्यांची होळी केली गेली. वाचता न येणाऱ्या माणसांनाही नेमकं कळलं होतं की आपली गुलामी त्या कागदात लिहिलेली आहे. चौकशी आयोग बसला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा झाला. सुरुवातीला तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांना लागू होता. त्यानं न्यायाधीशावर एक मोठी जबाबदारी टाकली. समोरच्या खतावर किती आकडा लिहिलाय एवढं पाहून भागणार नाही. व्यवहार पहिल्यापासून उकलायचा, खरं मुद्दल किती दिलं, किती परत आलं, हे तपासायचं. शेतकऱ्याला पावती आणि हिशेब देण्याचं बंधनही आलं.

खतामागचा खरा व्यवहार काय, हा प्रश्न न्यायाधीशानं विचारायचा, हे तत्त्व दीडशे वर्षांपूर्वी कायद्यानं मान्य केलं. तोच प्रश्न आज कर्जदारानं स्वतः विचारायला हवा.

आपल्या खानदेशात काय झालं

आपल्या भागात कर्जाचा शेवट पैशावर थांबला नाही, तो जमिनीपर्यंत गेला. पश्चिम खानदेशात, म्हणजे आजच्या धुळे-नंदुरबारात, पावसाळ्यातल्या खावटीसाठी काढलेलं धान्य, दारूच्या गुत्त्यावरची उधारी आणि लग्नाचं कर्ज यांतून गहाणखतं झाली, गहाणखतांची खरेदीखतं झाली, आणि जमिनीचा मालक त्याच जमिनीवर सालदार झाला. सालदाराची उचल फिटत नसे, म्हणून पुढचं सालही त्याच मालकाकडे काढावं लागे.

१९७१ च्या मे महिन्यात शहादा तालुक्यात पाटीलवाडीला धान्य मागायला जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. त्यानंतर अंबरसिंग सुरतवंतींच्या, आपल्या अंबरसिंग महाराजांच्या, मागे हजारो माणसं उभी राहिली. १९७२ साली शहाद्यात भूमुक्तीची हाक दिली गेली, श्रमिक संघटना उभी राहिली, सालदारांच्या मजुरीचा प्रश्न गावागावांत पेटला. अंबरसिंग महाराज १९७४ साली अकाली गेले, पण त्या काळानं महाराष्ट्राला कायदे करायला लावले.

१९७४ च्या कायद्यानं, १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासींकडून बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत देण्याची वाट उघडली. जमीन महसूल संहितेतल्या कलम ३६ आणि ३६-अ मुळे आज आदिवासीची जमीन सरकारी परवानगीशिवाय बिगर-आदिवासीच्या नावावर होऊ शकत नाही. १९७५ साली कर्जनिवारणाचा अध्यादेश निघाला आणि पुढे त्याचा कायदा झाला. अल्प उत्पन्नाचे शेतकरी, ग्रामीण कारागीर आणि मजूर यांची सावकारी कर्जं त्यानं रद्द केली. सावकार सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७७ साली फतेहचंद हिम्मतलाल खटल्यात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी निकाल लिहिला आणि तो कायदा टिकला. गरिबाच्या मानेवरचं कर्ज रद्द करण्याचा अधिकार लोकनियुक्त विधिमंडळाला आहे, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं.

आजचा कायदा काय म्हणतो

आज १९६३ चा मुदत कायदा लागू आहे. साध्या उसनवारीच्या किंवा वचनचिठ्ठीच्या पैशासाठी दावा लावायची मुदत तीन वर्षं आहे. जमीन किंवा घर रीतसर गहाण असेल तर गहाणावरच्या वसुलीला बारा वर्षं. हप्त्यांच्या कर्जात मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची, हे करारातल्या अटींवर ठरतं : हप्ता कधी थकला, कंपनीनं पूर्ण कर्ज एकदम कधी मागितलं. आणखी एक गोष्ट हिशेबात धरा. कोरोनामुळे सर्वोच्च न्यायालयानं १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला आहे. म्हणून २०१८-१९ चं कर्ज मोजताना नुसती तीन वर्षं मिळवून चालत नाही.

याच कायद्याचं कलम ३ गरिबाच्या बाजूचं आहे. मुदत उलटून गेलेला दावा आला, तर प्रतिवादीनं मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी न्यायालयानं तो फेटाळलाच पाहिजे. पण तारखा न्यायालयापुढे यायला हव्यात, आणि त्यासाठी आपण तिथे हजर हवं. समन्स आलं आणि आपण गेलोच नाही, तर एकतर्फी हुकूमनामा होतो. त्या हुकूमनाम्याची अंमलबजावणी पुढे बारा वर्षं मागता येते. समन्स घरात दडवून ठेवण्याइतकं नुकसान दुसऱ्या कशानं होत नाही.

कंपनीनं तुमचं कर्ज दुसऱ्या कंपनीला विकलं, म्हणून मुदत नव्यानं सुरू होत नाही. विकणाऱ्याकडे जेवढा हक्क शिल्लक होता तेवढाच घेणाऱ्याला मिळतो. नव्या कंपनीला पहिला प्रश्न हाच विचारायचा की हे कर्ज तुमच्याकडे आल्याचा कागद कुठे आहे. लवाद नेमला तरी मुदतीचा कायदा त्यालाही लागू असतो. आणि सरकारी थकबाकीच्या मार्गानं मेलेलं कर्ज मागच्या दारातून आणता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९९ साली केरळच्या कल्याणिकुट्टी खटल्यात सांगितलं.

मेलेला दावा जिवंत कसा होतो

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. मुदत संपण्याआधी तुम्ही लेखी कबूल केलं की इतकं देणं आहे आणि खाली सही केली, तर त्या दिवसापासून मुदत नव्यानं सुरू होते. मुदतीच्या आत काही रक्कम भरली आणि त्याची तुमच्या हातची किंवा सहीची नोंद राहिली, तरीही तसंच. ज्याला लिहिता येत नाही त्याचा अंगठा सहीच धरला जातो. तोंडी कबुलीनं मुदत वाढत नाही.

मुदत संपून गेल्यावर काय? तेव्हा नुसते शंभर रुपये दिले म्हणून कर्ज जिवंत होत नाही. पण १८७२ च्या करार कायद्याचं कलम २५ सांगतं की मुदतबाह्य कर्ज फेडण्याचं लेखी, सहीचं वचन हा नवा करार आहे. वसुलीचा माणूस गोड बोलून म्हणतो, काका, आज दोनशे भरा, बाकीचं बघू, इथे सही करा. त्या सहीच्या वर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय पेन हातात घेऊ नका. कोरा धनादेश तर मुळीच देऊ नका. मुदतबाह्य कर्जापोटी दिलेला धनादेश हेही लेखी वचन ठरू शकतं, आणि तो वटला नाही तर फौजदारी खटल्याची वेळ येते.

लोकअदालतीचं तसंच. लोकअदालतीची नोटीस म्हणजे तुमच्याविरुद्धचा निकाल नव्हे. पण तिथे तडजोडीवर सही केली की ती तडजोड हुकूमनाम्याइतकी पक्की होते आणि तिच्यावर अपील नाही. तडजोड जरूर करा, पण आपलं कर्ज मुदतीत आहे का हे तपासल्यानंतर.

१८७५ च्या आधीचं नवं खत आणि आजचा हा सहीचा कागद, दोन्हींचं काम एकच आहे.

जिथे हे लागू पडत नाही

अर्धं सांगून तुम्हाला अडचणीत टाकणं माझ्याकडून होता कामा नये, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. सोसायटीचं किंवा पतसंस्थेचं कर्ज तीन वर्षांनी संपलं असं समजू नका. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९२ प्रमाणे सभासदाकडच्या येण्याच्या वादाची मुदत तो सभासद वारल्यावर किंवा त्याचं सभासदत्व संपल्यावर सुरू होते. दागिना गहाण असेल, तर दाव्याची मुदत गेली तरी त्या दागिन्यावरचा हक्क धनकोकडे राहतो. बँकेनं कर्ज 'राइट-ऑफ' केलं म्हणजे माफ केलं असं नाही. तो त्यांच्या वह्यांचा हिशेब असतो. आणि मुदतबाह्य कर्जाची नोंदही पतअहवालात राहू शकते, पुढच्या कर्जाला ती आडवी येते.

बाप वारला तर मुलाचं काय? मुलानं स्वतः सही केली नसेल, तर बापाकडून जेवढी मालमत्ता हाती आली तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी. त्याच्या मजुरीवर त्या कर्जाचा हक्क नाही.

सावकार, मुकादम आणि व्याज

परवाना नसलेल्या सावकाराचा प्रश्न तर मुदतीपर्यंत जातच नाही. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियमानुसार, कर्ज देताना परवाना नसेल तर न्यायालय त्या सावकाराच्या बाजूनं हुकूमनामा देऊ शकत नाही. विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. परवानाधारकालाही शेतकऱ्याकडून तारण असेल तर वर्षाला नऊ टक्के आणि नसेल तर बारा टक्के, यापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. आपल्याकडे शेकडा दहा रुपये महिना चालतं, म्हणजे वर्षाला एकशेवीस टक्के. शिवाय दामदुपटीचा जुना नियम या कायद्यात आहे : व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. दहा हजार घेतले तर व्याज कितीही वर्षांचं असो, दहा हजारांच्या वर नाही. बँका आणि रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्त कंपन्या मात्र या कायद्याखाली येत नाहीत, हे ध्यानात ठेवा.

कर्जापोटी जमीन बळकावली गेली असेल, तर अर्जाच्या आधीच्या पंधरा वर्षांतले व्यवहार जिल्हा उपनिबंधक तपासू शकतात आणि जमीन परत देण्याचा आदेश काढू शकतात.

उचलीबद्दल मला विशेष कळकळीनं बोलायचं आहे. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास आपल्या पाड्यांवरची जोडपी कोयता घेऊन गुजरातेत जातात. हंगाम संपताना हिशेब होतो आणि उचल अंगावर राहिली असं सांगितलं जातं. पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जायचं, दुसरीकडे कामाला जायचं नाही. उचलीच्या नावाखाली माणसाचं काम सोडण्याचं स्वातंत्र्य काढून घेतलं जात असेल, किमान वेतनही मिळत नसेल, तर ती वेठबिगारी आहे. १९७६ च्या कायद्यानं वेठबिगारीचं कर्ज पूर्ण संपवलं आहे. इथे मुदत मोजायचीही गरज नाही. जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करा आणि मुक्तीचा दाखला मागा.

घेतलं ते द्यायला नको का?

आता तुमच्या मनातला प्रश्न. वकीलसाहेब, घेतलं ते द्यायला नको का? शब्दाला जागायला नको का?

जागायलाच हवं. आपल्या माणसांनी शब्द पाळला म्हणून तर त्यांच्या जमिनी गेल्या. कायदाही असं म्हणत नाही की कर्ज पुसलं गेलं. १९५८ साली बॉम्बे डाइंगच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मुदतीमुळे कोर्टाचा मार्ग बंद होतो, देणं नष्ट होत नाही. स्कॉटलंडचा कायदा याच्या पुढे जातो. तिथे पाच वर्षांनी देणंच संपतं. आपल्याकडे ते तुमच्या मनावर सोडलं आहे. ज्यानं अडीनडीला बिनव्याजी मदत केली, त्या शेजाऱ्याचे पैसे दहा वर्षांनीही द्या, मी तुमचा हात धरणार नाही.

पण मुदत का असते ते समजून घ्या. गरीब माणूस हप्ता देतो आणि पावती घेत नाही. घेतली तरी कौलाखाली भिजते. दहा वर्षांनी साक्षीदार उरत नाहीत, उरतो फक्त समोरच्याचा कागद. अशा वेळी एकाच बाजूच्या कागदावर न्याय करणं अन्यायाचं आहे. आणि जो धनको वर्षानुवर्षं गप्प बसतो, त्याच्या गप्प बसण्यानं कर्जदाराचंच व्याज वाढतं. म्हणून कायदा म्हणतो, वेळेत या, तपासता येईल तोपर्यंत या. पै-पै फेडणारा माणूस जेव्हा म्हणतो, हिशेब दाखवा, तेव्हा तो शब्द मोडत नाही. तो खरं देणं किती ते ठरवू पाहतो. देणं ठरल्यावर फेडणं हा इमान, आणि न ठरवता फेडत राहणं ही भीती.

आता काय करायचं

नोटीस आली तर तारखेसह जपून ठेवा. मूळ कराराची प्रत, सुरुवातीपासूनचा खातेउतारा, शेवटच्या हप्त्याची तारीख आणि कर्ज विकलं असेल तर त्याचा कागद, हे सगळं लेखी मागा. उत्तर देताना 'इतके पैसे देणं आहे' असं वाक्य सल्ल्याशिवाय लिहू नका. वसुलीच्या माणसाला सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेनं मनाई केली आहे. त्रास दिला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, आणि तिथे दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. मदतीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. कर्ज थकणं हा गुन्हा नाही, नुसत्या थकबाकीसाठी पोलीस पकडून नेत नाहीत. पैशाच्या हुकूमनाम्यापायी बाईला अटक करता येत नाही. शेतकऱ्याची अवजारं, बैल, राहतं घर, स्वयंपाकाची भांडी आणि बाईचं मंगळसूत्र यांवर साध्या पैशाच्या हुकूमनाम्याची जप्ती येत नाही.

वकिलाला पैसे कुठून आणायचे, असं म्हणू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं अनुसूचित जमाती, अनुसूचित जाती आणि सर्व स्त्रिया यांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील देण्याची सोय केली आहे. १५१०० या क्रमांकावर फोन करा किंवा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा कार्यालयात जा.

शेवटची विनंती गावाला आहे. १९९६ च्या पेसा कायद्यानं अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेच्या आणि पंचायतीच्या हाती आदिवासींना होणाऱ्या सावकारीवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार दिला आहे. या परिसरातल्या ज्या ज्या गावांना पेसा लागू आहे, त्या गावांनी येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा. कोण सावकारी करतो, त्याच्याकडे परवाना आहे का, दर काय लावतो, कोणता मुकादम किती उचल देतो, याची नोंद ग्रामसभेच्या वहीत व्हावी. जिथे पेसा नाही, तिथेही ठराव करायला कुणाची आडकाठी नाही. आणि गावातल्या प्रत्येक शिकलेल्या मुला-मुलीनं एक काम अंगावर घ्यावं : शेजारच्या घरात कर्जाचा कागद आला तर तो मोठ्यानं वाचून दाखवायचा, आणि वाचून होईपर्यंत कुणाला सही करू द्यायची नाही. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी धानोऱ्याला अक्षरं शिकवली. ती अक्षरं इथे वापरली गेली, तर या व्याख्यानमालेचं सार्थक झालं असं मी म्हणेन.